थर्माकोलच्या तुरुंगाचे अधीक्षक यांस

प्रति,
मा. लेखक-निर्माते,
रोज रात्री साडेआठची मालिका
(रविवारी दोन तासांचा महाएपिसोड)

विषय: माझ्या पक्षकारास आपल्या मालिकेतील कारागृहात वर्ग करण्याबाबत.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमच्या मालिकेतल्या सूनबाईंना नुकतीच अटक झाली. प्रथम अभिनंदन. सासूबाईंच्या पाटल्या चोरल्याचा आळ तिच्यावर येणार, हे थोरल्या जाऊबाई कपाटाआडून तीनदा गालात हसल्या तेव्हाच आमच्या घरात सगळ्यांना कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त सूनबाईंना आणि पोलिसांना.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे. म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकार जो वकील देतं, त्यातली मी एक. आठवड्यातून एकदा कारागृहात जाते. तिथे सध्या माझी एक पक्षकार आहे. धुणीभांडी करणारी, चाळिशीची बाई. आळ तोच, मालकिणीच्या पाटल्या. त्यामुळे तुमच्या सूनबाई आणि माझी बाई एकाच नावेत बसल्या आहेत म्हणायच्या. पण तुमच्या सूनबाई मंगळवारी आत गेल्या आणि शुक्रवारी बाहेर आल्या, कारण रविवारी मंगळागौरीचा महाएपिसोड होता. माझी बाई आत गेली त्याला सात महिने झाले. तिच्यासाठी कुणी मंगळागौर राखून ठेवलेली नाही.

म्हणून हा अर्ज. तुमच्या तुरुंगात ज्या सोयी आहेत त्या पाहता, माझ्या पक्षकाराला तिकडे हलवावं अशी नम्र विनंती आहे. कारणं सविस्तर देते. वकिलाला तेवढी सवय असते.

प्रथम अटकेचं. तुमच्या सूनबाईंना रात्री, सत्यनारायणाची आरती चालू असताना अटक झाली. बाहेर वीज कडाडली, आत निरांजन विझलं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, असा कायदा आहे. पण तुमच्या इन्स्पेक्टरसाहेबांना दंडाधिकाऱ्यांकडे जायला सवड कुठली? आख्खं गृहखातं त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर. तेच अटक करतात, तेच रात्री कुलूप लावतात, दुसऱ्या दिवशी घरच्यांचा डबा तेच परत पाठवतात आणि सूनबाईंना जन्मठेप होणार हेही तेच जाहीर करून टाकतात. न्यायाधीशाची भूमिका करणाऱ्या नटाचं मानधन तेवढंच वाचलं.

आमच्याकडे कारभार इतका सुटसुटीत नाही. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. मग पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी. ती संपली की एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि ती तुरुंगातच. तुरुंगाची इमारत वेगळी, खातं वेगळं, अधिकारी वेगळे. पोलिसाचं काम कारागृहाच्या दारात संपतं. तो वॉरंट दाखवतो, माणूस ताब्यात देतो, पोच घेतो आणि जातो. दोन्हीकडे खाकीच असल्यामुळे तुमचा घोटाळा झाला असेल, तर मी समजू शकते. माझ्या बाईचाही झाला होता. पहिले आठ दिवस ती दिसेल त्या खाकीवालीला हात जोडून सांगायची, “मॅडम, मी पाटल्या घेतल्या नाहीत हो.” शेवटी बॅरेकमधल्या एका जुन्या बाईने तिला जवळ बसवलं आणि म्हणाली, “इथं कुणी विचारत नाही गं. इथं फक्त मोजतात.”

खरंच मोजतात. सकाळी बॅरेक उघडली की गिनती, संध्याकाळी बंद करताना गिनती. जोडीजोडीने उकिडवं बसायचं आणि कुणी तरी डोक्यांवरून बोट फिरवत जायचं. आकडा जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या इतक्या वर्षांच्या तुरुंगांत मी एकदाही गिनती पाहिलेली नाही. नायिका एकटीच असल्यामुळे गरज पडत नसेल.

हा एकटेपणा हे आमच्या अर्जाचं मुख्य कारण. केवढी ऐसपैस खोली दिलीत हो तुम्ही सूनबाईंना! माझ्या पक्षकाराची भाड्याची खोली त्यात दोनदा बसेल. कोपऱ्यात मडकं, वर झरोका, झरोक्यातून येणारा निळसर कवडसा बरोबर नायिकेच्या डाव्या गालावर. बंद्याला असं एकटं ठेवण्याला कायद्यात एकांतवास म्हणतात आणि ती शिक्षा द्यायची तर कोर्टाने द्यावी लागते, असल्या बारीकसारीक गोष्टींत मी शिरत नाही. नुसती जागा मोजते. २०२२ अखेरची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते की देशातल्या तुरुंगांत जागा ४ लाख ३६ हजारांची आणि माणसं ५ लाख ७३ हजार. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. ही झाली सरासरी. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची मंजूर क्षमता वर्षानुवर्षं ८०४ होती, आणि तिथे अडीच-तीन हजार माणसं ठेवल्याचं उच्च न्यायालयासमोर वेळोवेळी आलेलं आहे. अशा बॅरेकमध्ये पाठीवर झोपणं ही चैन असते. कुशीवर झोपायचं, आणि कूस बदलायची तर शेजारणीला उठवून दोघींनी मिळून बदलायची.

कपड्यांचंही बोलायला हवं. सूनबाईंना तुम्ही काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची साडी दिलीत. साडीत पट्टे आणण्याची कल्पना मोठी कलात्मक आहे. हे पट्टे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन तुरुंगांतून निघाले आणि सिनेमाची बोट पकडून आपल्याकडे उतरले. महाराष्ट्रात शिक्षा लागलेल्या पुरुषाला पांढरे कपडे असतात. आणि जिचा खटला अजून चालायचा आहे ती स्वतःच्याच कपड्यांत राहते. ही मुभा इंग्रजांनी १८९४ च्या तुरुंग कायद्यात दिली होती. इंग्रज तुमच्यापेक्षा उदार निघाले, हे लिहिताना मला वाईट वाटतं.

“खटला चालायचा आहे ती” यासाठी कारागृहाच्या कागदोपत्री एक शब्द आहे, न्यायाधीन बंदी. शिक्षा झालेला तो सिद्धदोष बंदी. तुमच्या मालिकांत हे दोघे नसतात, फक्त “कैदी” असतो. मघाच्याच आकडेवारीत ५ लाख ७३ हजारांपैकी ४ लाख ३४ हजार न्यायाधीन आहेत. दर चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून कुठल्याही कोर्टाने मानलेला नाही. भारतीय तुरुंगातला नमुनेदार माणूस दाखवायचा असेल तर तो डाव्या गालावर व्रण असलेला डॉन नव्हे. तो तारखेची वाट बघणारा माणूस आहे. आणि तारखेच्या दिवशी काय होतं? पोलिसांची पार्टी मिळत नाही, म्हणून त्याला कोर्टात नेत नाहीत. रोजनाम्यात “आरोपी हजर नाही” एवढं लिहिलं जातं आणि पुढची तारीख पडते. आता व्हीसीची, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची, सोय झाली आहे. त्यात माझी बाई पडद्यावर अंगठ्याएवढी दिसते आणि आवाज येत नाही. टीव्हीवर दिसणारी खरी कैदी हवी असेल तर ती ही. टीआरपी शून्य.

वाट बघण्याचं चित्रीकरण करता येत नाही, हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. म्हणून तुमच्या तुरुंगात सतत काहीतरी घडतं. एक जाडजूड बाई पहिल्याच दिवशी नायिकेला पाय चेपायला सांगते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत ताट उडवलं जातं. तिसऱ्या दिवशी नायिकेच्या मायेने ती जाडजूड बाई पाघळते आणि तिला लेक मानते. तुमच्या वेबवाल्या चुलतभावांकडे याच कथेत सुरे आणि शिव्या घालतात, बाकी सगळं तेच. आमच्याकडेही भांडणं होतात, नाही असं नाही. नळावर नंबर कुणाचा, बादली कुणाची, पंख्याखाली कोण झोपणार, साबणाची वडी अर्धी कुणी केली. तुम्हाला ही कारणं फार लहान वाटतील.

लहान कारणांचं एक सांगते. २०१७ च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका बंदी महिलेचा मृत्यू झाला. दोन अंडी आणि पाच पाव यांचा हिशेब लागला नाही, त्यावरून तिला झालेल्या मारहाणीत ती गेली असा आरोप होता. कारागृहाच्याच सहा कर्मचारी महिलांवर खुनाचा गुन्हा नोंदला गेला. दुसरं, २०२० सालचं. तळोजा कारागृहात ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी न्यायाधीन बंदी होते. कंपवाताने हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. पाणी पिता यावं म्हणून एक स्ट्रॉ आणि एक सिपर मिळावा, यासाठी त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. २०२१ च्या जुलैत ते वारले, तेव्हाही न्यायाधीनच होते. तुमच्या तुरुंगात माणसं सूड, प्रेम आणि खजिना यांच्यापायी मरतात. इथे गोष्ट अंड्यांची आणि स्ट्रॉची असते. आत गेल्यावर सगळं जगच तेवढ्या आकाराचं होतं, हे कुणी तुम्हाला सांगितलं नसेल.

कामाचंही तसंच. तुमचा कैदी दळण दळतो किंवा खडी फोडतो. कारागृहात प्रत्यक्षात सुतारकाम असतं, विणकाम असतं, बेकरी असते. नाशिकच्या कारागृहातल्या गणेशमूर्ती घेऊन जायला लोक बाहेर रांग लावतात. पण कामाच्या वाटपातली एक गोष्ट मात्र तुमच्या कुठल्याच भागात आली नाही. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जात बघून लिहिलेलं होतं. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी ते खणून काढलं, त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले. म्हणजे तुम्ही थर्माकोलची खडी फोडत होता तेव्हा खरी गोष्ट तुमच्याच शहरातली एक बाई लिहीत होती. असो. जात दाखवायची म्हणजे प्रायोजक बिथरतात.

आता मुलाखत. थांबा, तुम्हाला हा शब्द नटनट्यांच्या संदर्भात माहीत असेल. तुरुंगात भेटीला मुलाखत म्हणतात. तुमच्याकडे नवरोजी येतात, गजांतून हात घालून सूनबाईंचे डोळे पुसतात, पाठीमागून बासरी वाजते आणि जाहिराती लागेपर्यंत कुणी हटकत नाही. आमच्याकडे मधे काच असते आणि बोलायला इंटरकॉमचा रिसीव्हर. त्याच्या आधी रांग. आधार कार्डाची झेरॉक्स, नाव नोंदणी, पिशवीची झडती. शेजारच्या खिडक्यांवर दहा जण एकदम ओरडून बोलत असतात, त्यामुळे सगळेच आणखी ओरडतात. वेळ मिनिटांत मोजलेला. जामीनदार मिळाला का, भाडं थकलं का, गॅस संपला का, एवढं विचारून होईपर्यंत तो संपतो. रडायचं राहूनच जातं.

माझ्या बाईची मुलगी चौदा वर्षांची. पहिल्यांदा मुलाखतीला आली तेव्हा मी कामासाठी तिथेच होते. पोरीने रिसीव्हर कानाला लावला आणि बोलेचना. काचेतून आईकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली. आईच्या अंगावर घरचीच मोतिया रंगाची साडी, फॉल उसवलेला. बऱ्याच वेळाने पोरगी म्हणाली, “आई, तुला ते पट्ट्यांचे कपडे नाही दिले?” आई म्हणाली, “नाही गं.” मग पोरीने पुढचं विचारलं, “आणि चक्की?” दोन्ही उत्तरं ‘नाही’ अशीच आल्यावर ती जरा सैल झाली आणि रडायला लागली. सबंध आठवडा ती पोर आईला तुमच्या तुरुंगात कल्पून झोपली होती. पुढे तिनेच मला सांगितलं की वर्गातल्या एकीने तिला विचारलं, तुझ्या आईला चौदा वर्षं लागतील ना?

हे चौदाही तुमचंच देणं. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, आणि तुरुंगात दिवस आणि रात्र वेगवेगळे धरतात म्हणून प्रत्यक्षात सातच, हे गणित मी रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. चौदा वर्षांनी खलनायक दाढी वाढवून गेटबाहेर येतो, दीर्घ श्वास घेतो आणि थेट तुमच्या दुसऱ्या पर्वात शिरतो. जन्मठेप म्हणजे उरलेलं आख्खं आयुष्य, सरकारने माफी दिली तरच ते कमी होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच गोपाळ गोडसे प्रकरणात सांगून ठेवलं आहे. मराठी माणसाच्याच प्रकरणातला तो निकाल. मालिकेपर्यंत तेवढा पोचला नाही.

तुम्ही म्हणाल, वकीलबाई, करमणूक आहे, कुणी खरं मानत नाही. मानतात हो. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या खटल्यात कसाब तुरुंगात बिर्याणी मागतो, ही बातमी आठवते? वाहिन्यांनी ती चवीने वाढली. २०१५ साली खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जाहीरपणे सांगितलं की बिर्याणीची गोष्ट आपणच रचली होती. कसाबने ती कधी मागितली नव्हती आणि सरकारने कधी दिली नव्हती. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी आजही मी कुणाच्या जामिनाविषयी बोलायला लागले की समोरचा म्हणतो, “आत बसून बिर्याणी खातात आपल्या पैशाने.” एका पडद्यावर तुरुंग म्हणजे नरक आणि दुसऱ्या पडद्यावर तुरुंग म्हणजे जावयाचा मांडव. आमच्या बाईच्या वाट्याला संध्याकाळी पाचला वाटलेली आणि रात्री भूक लागेपर्यंत गार झालेली डाळ-चपाती येते, ती कुठल्याच पडद्यावर नाही.

सगळ्यात मोठं कारण शेवटी ठेवलं आहे. तुमच्याकडचा जामीन. काय तो वेग! काळ्या कोटातला तरुण धावत येतो, हातातला कागद फडकवतो, इन्स्पेक्टरसाहेब तो न वाचताच मान खाली घालतात, कुलूप उघडतं आणि सूनबाई उंबरठ्यावर येतात. थेट ओवाळणी. मी हे दृश्य तीनदा पाहिलं, आणि कागदावर काय लिहिलंय ते दिसावं म्हणून एकदा पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. कोरा होता.

आमचा कागद भरलेला असतो, तीच अडचण. माझ्या बाईचा पहिला अर्ज फेटाळला गेला. सत्र न्यायालयाने जामीन दिला, पंधरा हजारांचा, एका जामीनदारासह. त्या दिवशी मी पेढे आणले होते. मग जामीनदार शोधायला लागलो. त्याच्याकडे रेशनकार्ड हवं, सातबारा किंवा घरपट्टीची पावती हवी, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला हवा. भाड्याच्या खोलीत राहून दुसऱ्यांची भांडी घासणाऱ्या बाईच्या ओळखीत सातबारावाला माणूस कोण? एकच, ज्यांच्या पाटल्या गेल्या ते. तिचा भाऊ गावाकडून आला, त्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा निघाला. जामीन मिळून दोन महिने झाले, बाई आतच आहे. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना, सोडावं असा अर्ज मी केला आहे. त्यावर दोन तारखा पडल्या आहेत. २०२२ च्या संविधान दिनी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू लिहिलेलं भाषण संपवून, जामीन मिळूनही पैशाअभावी आत राहिलेल्या गरिबांबद्दल न्यायाधीशांसमोर बोलल्या होत्या. त्यानंतर केंद्राने गरीब बंद्यांच्या दंड-जामिनाच्या रकमेसाठी योजनाही आणली. माझ्या बाईची अडचण मात्र रकमेची नाहीच, ती माणसाची आहे. तिच्यासाठी सही करील असा, ऐपतीचा एक माणूस.

आणि समजा ऐपत अमाप असली, तरी कागद कागदाच्या गतीनेच चालतो. २०२१ च्या ऑक्टोबरात एका सुपरस्टारच्या मुलाला उच्च न्यायालयाने २८ तारखेला जामीन दिला. देशातले नामांकित वकील दिमतीला. तरी सुटकेचा आदेश आर्थर रोडच्या जामीन पेटीत वेळेत पडला नाही, म्हणून तो ३० तारखेच्या सकाळी बाहेर आला. जामीन पेटी म्हणजे तुरुंगाच्या दाराशी टांगलेली पत्र्याची पेटी. ठरल्या वेळी उघडते, ठरल्या वेळेनंतरचे कागद रात्रभर तिथेच राहतात, आणि आत माणूसही. तुमच्या सगळ्या वाहिन्या त्या दोन दिवसांत त्या पेटीसमोर कॅमेरे लावून उभ्या होत्या. एवढं नाट्य समोर लटकत होतं आणि एकाही लेखकाला वाटलं नाही, की या पेटीवर एक भाग लिहावा.

तुम्हाला जमणार नाही असं मी म्हणत नाही. आपल्या भाषेत तुरुंगाचं घराणं फार मोठं आहे. टिळकांनी गीतारहस्य मंडालेत लिहिलं. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली ती साने गुरुजींनी लिहून घेतली, आणि श्यामची आई नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली. पडद्यावरचंच उदाहरण हवं तर औंध संस्थानात चला. १९३९ च्या सुमारास तिथल्या राजाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत काढली. भिंती नसलेला तुरुंग, कैदी शेती करत आणि कुटुंबासह राहत. त्याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली “दो आँखें बारह हाथ” काढला. त्यात सहा खुनी, एक जेलर आणि भाजीचा मळा. बर्लिनला त्याने रौप्य अस्वल मिळवलं. ड्रोन कॅमेरा नव्हता बिचाऱ्यांकडे. आणि जुनं नको असेल तर तिहारवरची “ब्लॅक वॉरंट” २०२५ सालची आहे. तिथले जेलर थकलेले दिसतात आणि कागद भरलेले असतात. म्हणजे कुणाला तरी करता येतं.

तरी मला तुमच्यात सुधारणा नको आहे. मला फक्त जागा हवी आहे. कारण मी हा अर्ज माझ्या पक्षकाराला विचारूनच करते आहे, आणि तिने तुमचा तुरुंग पाहिलेला आहे.

होय, आत टीव्ही असतो. सूनबाईंच्या अटकेचा भाग माझ्या बाईने बॅरेकमध्ये, पन्नासेक बायकांबरोबर पाहिला. पुढच्या भेटीत ती मला सांगत होती. आधी सगळ्या हसल्या म्हणे. एक म्हणाली, “लिपस्टिक कॅन्टीनमधून घेतली का हिने?” दुसरी म्हणाली, “एवढी खोली एकटीला! मी तर जन्मठेप मागून घेईन.” सूनबाई गजांना धरून किंचाळल्या तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “अगं, ओरडू नको, गिनती चुकेल!” पंधरा मिनिटं नुसता दंगा. मग रात्र झाली. तुमच्या तुरुंगात, म्हणजे. निळसर अंधार पसरला आणि सूनबाई गुडघ्यात डोकं घालून बसल्या. माझी बाई सांगते, तिथे बॅरेक एकदम गप्प झाली.

मी विचारलं, रडू आलं का सगळ्यांना?

ती म्हणाली, “नाही ओ मॅडम. तिच्या खोलीत अंधार होता.”

मला लगेच समजलं नाही. मग तिने समजावून सांगितलं. बॅरेकमधल्या ट्यूब रात्रभर जळत असतात. पहाऱ्यावरच्यांना माणसं दिसायला हवीत, मोजता यायला हवीत. सात महिन्यांत तिने अंधार पाहिलेला नाही. पदर डोळ्यांवर घेऊन झोपते. पदराआडूनही उजेड लाल दिसतो. घरी असताना लाइट गेली की ती पोरीला शिव्या देत मेणबत्ती शोधायची, हे तिला आता रोज आठवतं.

तेव्हा अर्जाचा विचार सहानुभूतीने व्हावा. पट्ट्यांची साडी ती नेसेल. त्या जाडजूड बाईचे पाय चेपेल, ती पाय चेपण्याचं काम मोठ्या घरांत करून आलेली आहे. ताट उडवलंत तर उचलून ठेवेल. बासरी नको, कवडसाही नको. शूटिंग संपल्यावर तुमची माणसं जी बटणं बंद करून घरी जातात, ती बंद झाल्यावर तिला त्या थर्माकोलच्या खोलीत एक रात्र झोपू द्यावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मुलाखतीच्या रांगेतली एक वकील

सोबत: पक्षकाराच्या आधार कार्डाची झेरॉक्स, वकीलपत्र (डाव्या अंगठ्याच्या ठशासह), जामीन आदेशाची प्रत. कागद भरलेले आहेत, कृपया वाचून घ्यावेत.